सावलीत सुकवा

मरोळच्या एका गाळ्यात मी जिवाणूंची पाकिटं भरते. दिसायला नुसती काळी भुकटी, पण तिच्यातले जिवाणू चवळी-मुगाच्या मुळांवर गाठी धरतात आणि हवेतला नत्र पिकाला देतात. शेतकऱ्यांचे फोनही मीच घेते. गुळाच्या पाण्यात कालवा, बियाण्याला चोळा, सावलीत सुकवा. दिवसभर तोंडाची हीच टकळी.

गावी मालवणकडे आमचा एकच कुणगा, शेताचा छोटा तुकडा, उरला होता, तोही कित्येक वर्षं पडीक. काका विकायला निघाला आणि बाबा हट्टाला पेटले. शेवटी काका म्हणाला, "यंदा चवळी पिकवून दाखव, नाही विकत." बाबा माझ्याकडे आले. "तुझा ता औषध माका दी गो." औषध नाही हो, जिवंत आहे ते, असं मी शंभरदा सांगितलं असेल.

बाबा गावी निघायच्या दिवशी आमच्या नाहूरच्या घरात मीच बियाणं चोळलं, पेपरवर पसरलं आणि कामाला गेले. संध्याकाळी येते तर आई परात घेऊन गच्चीवरून उतरतेय.

"ओलं होतं गं, कीड लागली असती. दिवसभर ऊन दाखवलं. बघ, कसं खडखडीत झालंय!"

कडधान्याला ऊन दाखवल्याशिवाय तिला चैनच पडत नाही. त्या उन्हात जिवाणू कुठले जगायला! बाबा पिशवी घेऊन दारातच उभे, गाडीची वेळ झालेली, चेहरा लग्नाला निघाल्यासारखा. गाळ्यावर दुसरी पाकिटं होती. एक दिवस थांबा म्हटलं असतं तर थांबलेही असते. पण ते आईला नको नको ते बोलले असते, ती रडत बसली असती. जाऊ दे ना, काही होत नाही, असं मी मनाशी म्हटलं.

रोपं पिवळी पडली. बाबांनी उपटून पाहिली, मुळांना एक गाठ नाही. काकाने कुणगा विकला. बाबा परत आले ते खिडकीत बसले ते बसलेच. "मातीच मेली आपली," एवढंच म्हणायचे. आणि मी, कसली निर्लज्ज, त्यांना जेवायला वाढत राहिले.

गेल्या रविवारी घरीच एका शेतकऱ्याचा फोन आला. तो जमिनीला शिव्या घालत होता. माझं डोकं फिरलं.

"मातीला काय दोष देता? उन्हात सुकवलंत ना बियाणं? मग जिवाणू मेले ते. वाट तुम्हीच लावलीत!"

फोन ठेवला. आई भाजी आणायला खाली गेली होती. बाबा खिडकीतून वळून माझ्याकडे बघत होते.

"तुका तेव्हा म्हायत होता?"