शाफ्ट काढल्याची ओटी

जीपचा पुढचा शाफ्ट काढायचा तर आधी छिन्नीने खूण करायची. चाकांकडे जोर नेणारा हा दांडा दोन तुकड्यांचा असतो, एक तुकडा दुसऱ्यात सरकतो. दोन्हींवर समोरासमोर एकेक घाव घालून ठेवायचा आणि परत बसवताना ते घाव जुळवायचे. नाही जुळवले तरी शाफ्ट बसतो, गाडीही चालते, पण जरा वेग घेतला की सगळी जीप थरथरायला लागते. हे मला वडिलांनी शिकवलं. माझ्या धाकट्या भावालाही त्यांनीच शिकवलं. फरक इतकाच, की मी ऐकलं होतं.

घाटकोपरला आग्रा रोडला लागून आमचं गॅरेज होतं आणि त्याच्याच मागच्या खोलीत आमचं बिऱ्हाड. वडील मालवणकडचे, आधी गिरणीत फिटर, मग स्वतःचा धंदा. लिलावातल्या जुन्या जीप ही त्यांची खासियत. लग्नाआधी काही वर्षं मी त्यांच्या हाताखाली काम केलं. गिऱ्हाईक आलं की मात्र मी आत जायचं, हा नियम. दारावरच्या पाटीत त्यांनी ‘अँड सन’ रंगवून घेतलं, तेव्हा तो सन दहावीला पुन्हा बसत होता.

लग्न होऊन मी मुलुंडला आले. वर्षभराने, एका रविवारी सकाळी भाऊ स्कूटर घेऊन दारात हजर. तोंड पाडून माझ्या सासूबाईंना म्हणाला, “आईला बरं नाही. ताईला न्यायला आलोय.” हातातलं टाकून निघाले. जिना उतरल्यावर पठ्ठ्या म्हणतो, “आई ठणठणीत आहे गं. कंत्राटदाराची जीप थरथरतेय.”

प्रकार असा होता. शाफ्टचा जॉइंट झिजला म्हणून भावाने शाफ्ट उतरवला, नवा जॉइंट घातला आणि परत चढवला. तेव्हापासून जीप थरथरत होती. भावाने चाकं बदलून पाहिली, नको ते बोल्ट आवळून झाले. गुडघे गेल्यापासून वडिलांना गाडीखाली शिरता येत नव्हतं. कंत्राटदार वैतागला होता. आज संध्याकाळी गाडी नीट मिळाली नाही तर बाकीच्या गाड्याही दुसरीकडे नेतो म्हणाला होता. आमच्या घरातली चूल बरीचशी त्याच्याच गाड्यांवर पेटायची.

मी पोचले तशी वडिलांनी शटर अर्ध्यावर ओढलं. माहेरवाशीण गाडीखाली शिरताना रस्त्यावरून दिसू नये म्हणून. मी चप्पल काढायच्या आधीच त्यांना सांगितलं, “करते. पण कंत्राटदार आला की त्याला सांगायचं, हे माझ्या मुलीने केलंय.”

वडील शटरकडे बघत राहिले. मग म्हणाले, “सांगतंय गो.”

साडी खोचली, वरून त्यांचा जुना सदरा चढवला आणि खाली सरपटले. दिवा वर धरला आणि पहिल्याच नजरेत दिसलं. शाफ्टवरचे घाव माझे होते. लग्नाआधी हीच जीप मी खोलली होती. आता एक घाव माझ्याकडे बघत होता आणि दुसरा भलत्याच बाजूला होता. बाकी गाडीत काही म्हणता काही बिघडलं नव्हतं.

चाकांना ठोकळे लावले. दोन्ही टोकांचे बोल्ट सोडवले. जॉइंटच्या टोप्या निसटून आतल्या सुयांसारख्या बारीक सळ्या सांडू नयेत म्हणून त्यांच्याभोवती चिकटपट्टी गुंडाळली आणि शाफ्ट छातीवर घेतला. चांगलाच जड असतो तो. बाहेर आणून दोन तुकडे वेगळे केले, रॉकेलने धुतले, घाव जुळवले, ग्रीस भरून परत चढवला. भाऊ रस्त्यावर एक फेरी मारून आला तो शिट्टी वाजवतच. वडिलांनी बॉनेटवर हात ठेवून बघितला. मग चहा त्यांनी स्वतः आणून दिला. मला फार आनंद झाला होता. मी हात धुतले नाहीत. काळे हात कंत्राटदाराला दिसू देत, असं मनात होतं.

तेवढ्यात आतून आईची हाक आली. “चेडवा, ये. ओटी भरतंय. सासरी उशीर नको.”

मी म्हटलं, “थांब गं जरा, तो येईल एवढ्यात.”

“माका मागे कामां आसत,” आई म्हणाली. तिने पाट मांडूनच ठेवला होता. सदरा काढायला लावला, पाटावर बसवलं, कुंकू लावलं. पदरात नारळ, खण आणि तांदूळ. पहिली ओंजळ पडली आणि बाहेर हॉर्न वाजला. शटर वर गेल्याचा आवाज आला. मी उठायला लागले तर आईने खांदा दाबला. “ओटी भरताना कोण उठता?”

मधे फक्त प्लायवुडची भिंत होती. कंत्राटदार गाडी फिरवून आला असावा. मोठ्याने म्हणाला, “झकास. अगदी लोण्यासारखी. कोणी काढली खोट?”

“पोराने,” वडील म्हणाले. “दुसरं कोण काढणार?”

माझ्या दोन्ही हातांत पदर होता. सोडला असता तर तांदूळ सांडले असते. मी आईकडे पाहिलं. ती पाटावर पडलेले दाणे एकेक करून वेचत होती आणि मान वर करत नव्हती. तेव्हा कळलं, की तिला आधीच सगळं माहीत होतं. मला वडिलांपेक्षा तिचा जास्त राग आला. आजही येतो.

परत जाताना भाऊ म्हणाला, “ताई, मनाला लावून नको घेऊ यार. धंदा आहे.” मी मांडीवरचा नारळ घट्ट धरला.

सासूबाईंनी ओटी बघितली आणि त्यांचे डोळे भरून आले. “आजारी असूनही माउलीने ओटी चुकवली नाही. अशी आई मिळायला नशीब लागतं.” मी मोरीत जाऊन नखं घासत बसले. ग्रीस काही लवकर निघत नाही.

पुढे काही महिन्यांनी भाऊ पुन्हा तसंच तोंड करून दारात आला. “आईला बरं नाही. ताईला न्यायला आलोय.” सासूबाई लगबगीने माझी पिशवी भरायला लागल्या. मी पोळ्या लाटत होते. लाटतच म्हणाले, “मग डॉक्टरला दाखव. मला काय कळतं त्यातलं?”

तो उभा राहिला. खरं काय ते सासूबाईंसमोर बोलण्याची त्याची सोय नव्हती. थोड्या वेळाने निघून गेला. कंत्राटदाराच्या गाड्याही गेल्या, हे मला नंतर कळलं. सासूबाईंनी मात्र शेवटपर्यंत मला ऐकवलं, की जन्मदाती आजारी होती आणि ही बया पोळ्या लाटत बसली.