उघडा अंगठा

खानदेशातून सुरतेला आलेल्या उषाबाईंचं घर माळकरी. झिंगा त्यांनी जन्मात चाखलेला नाही. पण हजीऱ्याजवळच्या झिंग्याच्या कारखान्यात त्यांच्याइतका झिंगा कुणाला कळत नाही, आणि हेच त्यांच्या गळ्याशी आलं.

तळ्यात पाळलेला वनामी आणि खाडीतला रानटी झिंगा एकाच गाडीत येतात. तळ्यात भरतीचं पाणी घेतलं की खाडीची पिल्लंही आत शिरतात नि तिथंच वाढतात. दोघं वेगळे काढावे लागतात, पण बर्फात सारखेच दिसतात. फरक डोक्यावरच्या काट्यात: वनामीच्या काट्याला खालूनही दात, खाडीवाल्याला फक्त वर. एकेक डोळ्यांसमोर धरत बसलं तर माल खराब व्हायचा. काट्याखालून अंगठा फिरवला की झटक्यात कळतं, पण तो उघडाच हवा. म्हणून बाकीच्या बायका हातमोजे घालून, आणि उषाबाई उघड्या हातांनी बर्फात.

आता बोटं सुजून मूठ वळेना. भेस्तानच्या खोलीत भाकरी थापायला नवरा, निंबा, बसतो. त्या भाकरीबद्दल न बोललेलं बरं. डॉक्टरांनी बजावलं, बर्फ सोडा, नाहीतर बोटं कामातून जातील. उषाबाईंनी कोरड्या पॅकिंगला बदली मागितली, तर मुकादम भूपेंद्रभाई हसले.

"उषाबेन, तुमचा हात चुकायला लागला की त्याच दिवशी पाठवतो."

असं आहे तर चुकायचं, उषाबाईंनी ठरवलं. कामावर शेजारी असणाऱ्या रंजनाच्या कानावर तेवढं घातलं.

गाडी रिकामी झाली. खाडीचा पहिला झिंगा अंगठ्याला लागला. तो वनामीत टाकायचा, असं मनाशी घोकत असतानाच हातानं तो खाडीवाल्याच्या टोपलीत टाकूनही दिला. दुसऱ्याचं तेच. तिसरा मात्र त्यांनी दात-ओठ खाऊन वनामीच्या क्रेटमध्ये टाकला. पोऱ्ये क्रेट उचलायला आले आणि उषाबाईंचा हात आत शिरला. बर्फ चाळून नेमका तोच झिंगा घेऊन बाहेर आला.

"राहू द्यायचा होता ना, बाई," रंजना हळूच म्हणाली.

उषाबाईंना स्वतःचाच भयंकर राग आला. डोळे भरले, पण ओल्या हातांनी पुसता येईनात.

"मना हातच माले सोडत नही वं," त्या म्हणाल्या.

भूपेंद्रभाईंनी क्रेट पाहिलं, मान डोलावली आणि पुढचा ढीग त्यांच्यासमोर ओतायला सांगितला.