शेवटचा घोडा

वडशात नाटक कंपन्यांचे अंगरखे शिवणारा गुलाम रसूल टेलर जितका मशीनवर बसतो, त्याहून जास्त पटावर बसतो. दुकानाच्या फळीवर तो आणि धाकटा भाऊ मुबीन चाळीस वर्षं बुद्धिबळ खेळत आलेत, तेही अब्बांनी शिकवलेलं, जुनं, देशी. त्यात प्यादं पहिल्या चालीलाही दोन घरं जात नाही, राजा किल्ल्यात लपत नाही. नवे नियम त्याला मुलीनं, शाजियानं, सहा महिने मोबाइलवर शिकवले आणि साठाव्या वर्षी गडचिरोलीच्या खुल्या स्पर्धेत त्याचं नाव घातलं. ऐन नाटकांच्या हंगामात दुकानाला दोन दिवस कुलूप! कंपनीवाले तोंड फुगवून बसले.

आणि हा गडी जिंकत सुटला की! चाली लिहून घेणारे, घड्याळ बडवणारे भलेभले गार झाले. सहापैकी पाच डाव खिशात. शेवटच्या फेरीत समोर ऊर्जानगरचा अजय आला, वीज केंद्रातला इंजिनिअर, त्याचेही पाचच. जो जिंकेल तो राज्य स्पर्धेला जाणार होता. गुलाम रसूलनं रात्री शाजियाला विचारून ठेवलं होतं, तिथं शेरवानी घातली तर चालेल का.

दोन तासांनी अजयकडे राजा, एक घोडा आणि एक प्यादं उरलं. गुलाम रसूलकडे वजीर आणि दोन प्यादी. घोडा वजिराच्या तोंडाशी फुकट उभा होता. दोरीपलीकडे शाजियानं सुटकेचा श्वास टाकला. गुलाम रसूलनं घोड्याकडे पाहिलं आणि आपलं प्यादं एक घर पुढं सरकवलं.

अजयचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. त्यानं पट दोनदा तपासला. मग घोडा असा ठेवला की राजाला शह आणि वजिरावर घाव. राजा हलला, वजीर गेला. मागोमाग अजयचं प्यादं शेवटच्या घरात पोचून वजीर झालं. सगळं पाच मिनिटांत आटोपलं.

भिंतीवर निकालाचा कागद लागला. गुलाम रसूल तिसरा. तो कागदापुढं नुसताच उभा राहिला. हरणं त्याला नवं नव्हतं. पण घोडा समोर असून आपण मारला नाही, हे त्याचं त्यालाच खरं वाटेना.

"अब्बा, घोडा काऊन नाई मारला?" शाजियानं विचारलं.

"तो शेवटचा होता," तो म्हणाला. स्वतःचंच बोलणं कानावर पडलं तसा तो मटकन बाकावर बसला.

त्याच्या अब्बांचा नियमच तसा. प्यादी मोहऱ्यांत धरायची नाहीत; समोरच्याचा शेवटचा मोहरा मारला की डाव बुर्जी, म्हणजे ना हार ना जीत, वर नामुष्की. एक मोहरा राखून ठेवायचा आणि मात करायची, जमलं तर प्याद्यानं. हे त्यानं शाजियाला कधी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं. ते हातातच भिनलेलं. आणि पोरीनं नवं सगळं शिकवलं, पण जुनं काय आहे ते विचारलं नव्हतं. आता बाकावर त्यानं ते पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा ती त्याच्या शेजारी येऊन बसली.

दुकानात मुबीननं चाल न् चाल ऐकून घेतली आणि मान डोलावली. बरोबरच केलं भाईनं, घोडा मारला असता तर डाव बुर्जी झाला नसता का, असं त्याचं म्हणणं. शाजियानं कपाळावर हात मारून घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघे भाऊ फळीवर बसले. मुबीनकडे एक हत्ती तेवढा उरला. गुलाम रसूलनं बराच वेळ त्याकडे पाहिलं, मग वजीर उचलला आणि हत्ती मारला.

मुबीननं आ वासला. डाव संपला म्हणून तो सोंगट्या गोळा करायला लागला, तर भावानं त्याचं मनगट धरलं.

"राहू दे. डाव संपला नाई."

"अब्बांनी असं नाई शिकवलं, भाई."

"अब्बा गडचिरोलीले खेळाले नाई गेले," गुलाम रसूल म्हणाला, आणि त्यानं एकट्या राजाला शह दिला.