कडी लावलेल्या खोलीतली मोहफुलं

माझा नवरा या सदरातले अनुभव चहा पिता पिता मोठ्याने वाचून दाखवतो आणि मी कणीक मळता मळता हसते. पांढरी साडी, उलटे पाय... लोकांना हे सगळं कसं काय दिसतं देव जाणे, आम्हाला साधी वेळेवर आलेली एसटी दिसत नाही. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आता आहे का, ते विचारू नका. पाहिलं तसं लिहिते.

मी ब्रह्मपुरीची. वृद्धाश्रम, अपंगांची वसतिगृहं अशा संस्थांमध्ये जाऊन प्रशिक्षण देते — तिथे राहणाऱ्या मोठ्या माणसांना कुणी मारू नये, लुबाडू नये, कोंडू नये, त्यांच्याबद्दलचं काहीही त्यांना विचारल्याशिवाय ठरवू नये. लोक माना डोलावतात, आलुपोहे खातात आणि घरी जातात.

धानोऱ्याच्या अलीकडे, मेन रोड सोडून आत, एका छोट्या ट्रस्टचा निराधार बायांचा आश्रम आहे. नाव लिहीत नाही. लांबलचक कौलारू इमारत, समोर व्हरांडा, आवारात सगळी निलगिरी. मागे नाला, आणि नाल्यापलीकडून जंगल सुरू. तिथल्या व्यवस्थापक पुष्पाताई. बाई मनाने चांगली, हे आधीच सांगते. म्हाताऱ्यांची नखं स्वतः कापायची, आजारी बाईजवळ बसून राहायची.

मार्चअखेर मी प्रशिक्षणानंतर पुन्हा भेट द्यायला गेले, तर दुपारी शेवटच्या खोलीला बाहेरून कडी. आत सोनाबाई नावाची गोंड म्हातारी. तिच्या भाच्याने आणून सोडलेली. घरातले सगळे कामावर जातात, हिच्याजवळ दिवसभर बसणार कोण म्हणून. मी पुष्पाताईंना म्हटलं, हे काय? त्या म्हणाल्या की तुम्हीच तर सांगितलं ना, आधी धोका ओळखा म्हणून. दुपारी सगळा स्टाफ जेवायला बसतो, लक्ष द्यायला कुणी नसतं, आणि ही काठी टेकत नाल्यापलीकडे जाते. मोहाचा सीझन.

"वाघानं नेली तं जबाबदार कोन, मॅडम?" त्यांनी विचारलं.

आणि हे काही उगाच नव्हतं. शेजारच्या गावातली बाई आदल्या वर्षी मोहफुलं वेचतानाच गेली होती. सुरक्षितता म्हणजे कडी, असा माझ्या प्रशिक्षणाचा अर्थ तिथे निघाला होता... डोक्याला हात लावावा की काय करावं, सुचेना.

सोनाबाईजवळ बसले. तिचं एकच मागणं. तिच्या घरचं मोहाचं झाड होतं, गावाकडच्या जंगलात. तिकडे प्रत्येक घराची झाडं ठरलेली असतात. लहानपणापासून ती त्याच झाडाखाली वेचायची. यंदा एकदा तिथे जायचं, बस्स. मी पुष्पाताईंना म्हटलं, सकाळी जीपने नेऊ, चार माणसं सोबत घेऊ, वाघाचं तिला आपल्यापेक्षा जास्त कळतं. त्यांनी अध्यक्षांना फोन लावला. अध्यक्ष म्हणाले, सीझन संपू द्या, मग पाहू. सीझन संपल्यावर तिथे जाऊन म्हातारीने काय पाहायचं होतं?

पुढच्या वेळी दुपारी मी स्वतः कडी काढली. सोनाबाई खाटेवर बसलेली. पदरात मोहफुलांचा ढीग. ताजी, टपोरी, दवाने ओली.

इकडच्या वाचकांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. मोहाचं फूल पहाटे गळतं आणि ऊन चढलं की मलूल होतं. भर दुपारी दव असलेलं फूल... कुठून आणणार? खिडकीला जाळी. आवारात मोहाचं झाड नाही.

पुष्पाताईंना वाटलं, स्टाफपैकी कुणीतरी तिला चोरून बाहेर सोडतं. त्यांनी कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम थांबले. सकाळी खोली झाडून घेतली, मी सगळे कोपरे पाहिले, मग कुलूप लागलं. मी दारासमोर बाकावर बसून राहिले. उठले नाही. दुपारी पुष्पाताईंनी कुलूप काढलं तेव्हा तो गोड, जड वास आधी बाहेर आला, आणि मग फुलं दिसली. खाटेवर, जमिनीवर, तिच्या मांडीवर. पुष्पाताईंनी हातातलं कुलूप उलटसुलट करून पाहिलं.

सोनाबाई रडत होती. मी विचारलं, ही फुलं कोण आणतं?

"मायं झाड आहे. मी नाई जाऊन राह्यली तं तेच धाडते," ती म्हणाली. मग पदर झटकून सगळी फुलं खाली टाकली. "मले फुलं नाई पायजे, बाई. मले जाचं आहे."

यानंतर तरी कुलूप निघेल असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. झालं उलटंच. दाराला हळदीकुंकू लागलं, उंबऱ्यावर उदबत्ती आली. बाया बाहेरून हात जोडून जायला लागल्या. पुष्पाताई दबक्या आवाजात मला म्हणाल्या, "दार उघडं ठेवलं तं फुलं येनं बंद होईन, मॅडम." मी भांडले, ट्रस्टींना भेटले, वरच्या ऑफिसात तक्रार दिली. चौकशी करू म्हणाले. मी म्हातारीची कुणी लागत नव्हते, तिला उचलून जीपमध्ये बसवायचा मला हक्क नव्हता. आणि तिला जो हक्क होता, त्याची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला.

एप्रिलमध्ये तिला ताप आला. दुपारी झोपली ती उठलीच नाही. फोन आल्यावर मी मिळेल त्या काळीपिवळी जीपने पोचले. खोलीत त्या दिवशी एकही फूल नव्हतं.

संध्याकाळी भाचा जीप घेऊन न्यायला आला. साधा, भला माणूस. या प्रकाराबद्दल त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. पुष्पाताईंनी आधीच सगळ्यांना गप्प केलं होतं. आत्याच्या पायाशी बसून तो आपलं बोलत होता, दुःखात माणूस बोलतो तसं, इकडचं तिकडचं.

"यंदा आत्याच्या झाडाखाली एक बी फूल नाई भेटलं," तो म्हणाला. "पाला जाळून जागा साफ करून ठेवली. झाड फुलानं लदलं होतं. रोज पहाटे जावं तं खाली जमीन कोरडी. वाटे, आमच्या पहिले येऊन कोनी वेचून नेऊन राह्यला."

पुष्पाताईंनी माझ्याकडे पाहिलं. मग कमरेची किल्ली काढली, हातात धरून उभ्या राहिल्या आणि पुन्हा कमरेलाच खोचली. दुसरीकडे कुठे ठेवायची, हे त्यांनाही कळलं नसावं.

जीप नाल्यावरून पलीकडे गेली. तोच रस्ता, ज्यावरून तिला जायचं होतं.

फुलं कशी आली, ते मला माहीत नाही. वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या भावाला विचारलं, तो हसला. मी त्याला दोष देत नाही, मीही हसलेच असते. ते कोडं तसंच राहिलं तरी चालेल. पण ती रडत "मले जाचं आहे" म्हणाली, आणि एवढ्या माणसांनी भरलेल्या त्या व्हरांड्यातून एक म्हातारी बाहेर जाऊ शकली नाही... हे कसं झालं, ते कुणी समजावून सांगू शकलं तर जरूर लिहा. मला अजून कळलेलं नाही.