मीटरला फसवणारे शेठकाका

गुपित जपण्याच्या बाबतीत आमच्या शेजारच्या शेठकाकांचा हात धरणारा माणूस अख्ख्या नंदुरबार जिल्ह्यात सापडायचा नाही. आमच्या खापर गावच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान होतं, तेव्हा गिऱ्हाइकाला साडीचा भाव सांगतानासुद्धा ते त्याच्या कानाशी येत. काका, चहा झाला का, असं विचारलं तर आजही आधी 'कसाले?' म्हणजे 'कशाला?' म्हणतात आणि मग विषय बदलतात. सर्दीचा काढा घ्यायचा असला तरी दाराला कडी लावून घेतात.

त्यामुळे गल्लीत स्मार्ट मीटर बसले तेव्हा सगळ्यांना बिलाची काळजी पडली, काकांना मीटरच्या तोंडाची. त्यात मोबाइलसारखं सिमकार्ड असतं, असं बसवणारा सहज बोलून गेला आणि काकांनी मीटरखाली उभं राहून बोलणंच सोडलं. तो बोलणं ऐकत नाही, कोणत्या वेळी किती वीज जळली एवढंच कळवतो, असं मी समजावलं.

"मंग ऱ्हायनं काय?" काका म्हणाले. "मानूस कव्हय उठना, कव्हय नाहाना, समदं सांगी दिनं त्यानी."

पुढे त्यांनी मीटरवर पत्र्याचा डबा उपडा बांधला. वीजवाल्यांनी येऊन तो सोडला. वीज तोडण्याची धमकी देऊन फोनवर ओटीपी मागणाऱ्या एका भामट्याची तर काकांनी गाव, गोत आणि सासुरवाडीसकट अशी चौकशी केली की त्यानेच घाबरून फोन ठेवला.

खरी पंचाईत दिवाळीत झाली. सुरतेहून आलेल्या मुलाने बिल भरण्यासाठी वीजकंपनीचं ॲप घेतलं आणि मोठ्या कौतुकाने सांगितलं, "पप्पा, तुम्ही कधी काय चालू केलं ते आता मला तिथे बसून दिसेल." काकांचा चेहरा उतरला. कारण स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी आहेत तोवरच खापरला राहायचं, नाहीतर सुरत, असं बापलेकांत ठरलेलं होतं. आणि मावशी तर थोड्याच दिवसांत शहाद्याला लेकीकडे कायमच्या गेल्या.

"सुरतमा अकरावा मजला शे. तठे मन्हाशी बोलाले कोन शे?" काका मला म्हणाले. "मावशी गयी, हाई त्याले कळाले नको."

तेव्हापासून काका आमच्याकडे जेवतात. बायको त्यांच्यासाठी कांदा-लसूण न घालता वेगळी भाजी करते. काका नेमाचे जैन. दिवस बुडाला की अन्नच काय, पाण्याचा थेंबही घेत नाहीत. जेवून आमच्या ओट्यावर गप्पा रंगतात आणि दिवेलागण झाल्यावर त्यांना मीटर आठवतो. मग लगबगीने घरी जाऊन विजेच्या शेगडीवर पातेलंभर पाणी ठेवतात आणि उकळी येईपर्यंत शेजारी बसून राहतात. मीटरला वाटावं, मावशी स्वयंपाक करताहेत.

काही आठवड्यांनी मुलाचा मला फोन आला. माझा जुना विद्यार्थी तो.

"सर, मावशी गेल्या ना?"

मी काकांसारखाच विषय बदलू पाहिला.

"आमच्या घरात दिवस बुडाल्यावर शेगडी कधीच पेटली नाही, आता रोज पेटतेय. पप्पांना यातलं काही सांगू नका, सर. रोज ॲपवरची ती विजेची रेघ वर गेली की मला कळतं, ते बरे आहेत. त्यांना तिथेच राहू द्या."

तर आता त्या मीटरपेक्षा जास्त गुपितं माझ्याकडे आहेत, आणि मला रात्री झोप लागत नाही.

परवा काका आमच्या ओट्यावर खुर्चीतच पेंगले. मला उठववेना. अंधार पडून बराच वेळ झाला आणि फोन वाजला.

"सर, आज रेघ वर गेली नाही."

"इथेच आहेत. झोप लागलीय," मी म्हणालो. माझ्या आवाजाने काका जागे झाले, अंधार पाहून धडपडत उठले.

"आरे, पानी ठेवानं ऱ्हाई गयं. पोऱ्याले समजी जाई ना भो."

फोन माझ्या कानालाच होता. पलीकडे त्यानेही ते ऐकलं असणार. मी काकांना पुन्हा खुर्चीत बसवलं, त्यांच्याकडून किल्ली घेतली आणि मीच जाऊन पातेलं ठेवलं. पाण्याला उकळी फुटेपर्यंत मुलाने फोन ठेवला नाही.