चौदाच्या जागी पंधरा

माझी शेवटची पोस्टिंग उत्तरेकडच्या डोंगरात, लष्कराच्या एका फील्ड वर्कशॉपमध्ये होती. मी हवालदार, फिटर. अडकलेल्या गाड्या ओढून काढणाऱ्या रिकव्हरी गाडीवर लान्स नाईक मिलिंद वाव्हळे होता. तो पूर्णेचा, मी गंगाखेडचा. वर्कशॉपमध्ये मराठी बोलणारे आम्ही दोघंच.

"उस्ताद, तुमच्या गंगाखेडात म्हणं लोक साखर कारखान्याच्या मळीच्या वासानं घर वळखतात," तो म्हणायचा.

"आन् तुमची पूर्णा? गाडी इंजिन बदलायला थांबली, लोक पाय मोकळे करायला उतरले, ते चढायचेच राह्यले. झालं गाव."

तो हसून लोळायचा. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान होता.

एके दिवशी आमचा एक ट्रक रस्ता सोडून नाल्यात गेला. माणसं वाचली. ट्रक काढायचा होता. पण रिकव्हरी गाडीच्या विंचचा, म्हणजे ओढायच्या यंत्राचा, तारेचा दोर ज्या रोलरला टेकून बाहेर येतो, त्याचा ब्रॅकेट खिळखिळा झाला होता. जुनी भोकं निकामी झाली होती. जाड पत्र्यात चार नवी भोकं पाडून आटे घ्यायचे होते. दुपारी दोनला सुभेदारसाहेब आले.

"सुबह छह बजे गाड़ी चाहिए."

"मिलेगी, साब."

बोल्ट सोळा एमएमचा, आट्यांचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, दोन. सोळातून दोन वजा करा. चौदाचं ड्रिल. आयटीआयच्या पोरालाही हा हिशेब येतो. भोक मोठं पडलं तरी टॅप, म्हणजे आटे कापायचं हत्यार, आटे पाडतो, पण ते उथळ पडतात. बोल्ट बसतो, वरून काही दिसत नाही. फक्त जोर आला की धरत नाही.

पहिलं भोक मी चौदाचंच पाडलं. टॅप चौथ्या फेऱ्याला अडकला. सोळाचा तो एकच टॅप स्टोअरमध्ये होता. तुटला असता तर काम तिथेच थांबलं असतं. मी तो कसाबसा उलटा काढला आणि पंधराचं ड्रिल लावलं. चारही भोकं पंधराची केली. टॅप सरळ गेला. कुणीतरी शाबासकीही दिली.

शेवटचा बोल्ट आवळताना पाना एकदम हलका झाला. आटे सुटायला लागले की असं होतं. मी हात तिथेच थांबवला. आणखी अर्धा फेरा दिला असता तर बोल्ट नुसताच फिरला असता.

मिलिंद शेजारी कापसानं हात पुसत होता.

"झालं का उस्ताद? पक्कं हाय ना?"

"हाय."

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी दोर ट्रकला लागला. बाकीची पार्टी खाली नाल्यात होती. वर आम्ही दोघं. मी विंचच्या लिव्हरवर. ट्रक डावीकडे खाली होता, म्हणून इशारा देणाऱ्यानं डाव्या कडेला उभं राहायचं, असं ठरलं होतं. जागा मीच पावलं मोजून दिली होती. मिलिंद तिथेच उभा राहिला. रोलर जागेवर असेपर्यंत दोर त्या बाजूला येऊच शकत नाही.

वायरलेस बोलला, "रिकवरी, कितना टाइम? ओवर."

"बीस मिनट. ओवर."

मिलिंदनं हात वर केला. मी लिव्हर ओढली. दोर ताठ झाला, ट्रक हातभर सरकला. मग ब्रॅकेट उखडून दरीत गेला आणि दोर डावीकडे फेकला गेला. मी लिव्हर सोडून धावलो. दोर लागून मिलिंद आडवा झाला होता. सात अठ्ठावीसला पार्टीबरोबर आलेल्या डॉक्टरांनी मान हलवली.

चौकशी झाली. ब्रॅकेट सापडला नाही. मला विचारलं, जवान दोराच्या जास्त जवळ गेला होता का? नाही म्हणालो असतो तर पुढचा प्रश्न ब्रॅकेटचा होता. मी म्हणालो, "जी साब, गया था."

कागदावर तेच आलं. जवानाची स्वतःची चूक.

मी पेन्शनवर घरी आलो. पूर्णा गंगाखेडपासून लांब नाही. तरी जायला सहा वर्षं लागली. गेल्या महिन्यात गेलो. मिलिंदचे वडील रेल्वेत चावीवाले होते, रुळांवरून चालत बोल्ट आवळण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. भिंतीवर बाबासाहेबांच्या शेजारी मिलिंदचा वर्दीतला फोटो. मी सगळं सांगितलं. ड्रिलचं माप, पाना, चौकशीतलं खोटं.

त्यांनी एकच विचारलं. "पाना हलका झाला, तवा हाताला कळलं व्हतं का?"

"कळलं होतं."

सून आतून पाणी घेऊन आली. त्यांनी तिला हातानंच थांबवलं.

"आमच्या लाईनीवर हाताला कळलं की लाल झेंडी लावायची. गाडी थांबली तर थांबली." मग म्हणाले, "पोराचं पोरगं शाळेत सांगतंय, माझा बाप चुकून मेला. त्यो कागद बदलून आना. तवर या घरचं पाणी तुमाला न्हाई."

मी उठलो.

युनिटला लेखी जबाब पाठवला आहे. माझं काय करायचं ते ते ठरवतील. त्यातलं शेवटचं वाक्य इथेही लिहितो, म्हणजे पूर्णेत कुणीतरी ते त्या मुलाला वाचून दाखवेल.

लान्स नाईक मिलिंद वाव्हळे नेमून दिलेल्या जागी, हुकमाप्रमाणे उभा होता. त्याची कोणतीही चूक नव्हती.