डेअरीनं न घेतलेलं दूध

आमच्या वारणाकाठच्या गल्लीत विरजण मागावं तशी इंजेक्शनची उरलेली बाटली घरोघर फिरायची. म्हशीनं वैरण टाकली, टोच. कासेला दगडी होऊन सड सुजला, टोच. माझे सासरे तर यात गल्लीचे डॉक्टरच! खऱ्या डॉक्टरला बोलवा म्हटलं की म्हणायचे, "त्यो बी हेच टोचणार की."

औषध टोचलेल्या म्हशीचं दूध डेअरी घेत नाही, एवढं मात्र सगळ्यांना पाठ. मग ते दूध घरात. सासूबाई ते साखर घालून माझ्या लेकीला पाजायच्या. "वतून टाकू व्हय? लक्ष्मी हाय ती." त्या दुधाचं दही काही केल्या लागायचं नाही. तर म्हणे, "तुझ्या हातालाच गुण न्हाय." असा संताप व्हायचा माझा! पण दूध नासतही नव्हतं, वासही येत नव्हता. मग पोरीला नको तरी का म्हणायचं?

या वर्षी लेकीला लघवीच्या जागी आग व्हायला लागली आणि ताप चढला. गावातल्या औषधानं उतरेना, म्हणून कोल्हापूरला दवाखान्यात ठेवलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नेहमीची औषधं या जंतूंना लागूच पडत नाहीत. सलाईनमधून भारी औषध सुरू केलं. मी त्यांना म्हशीचं, दुधाचं, न लागणाऱ्या दह्याचं सगळं सांगितलं. "त्यामुळंच झालं असं मी म्हणू शकत नाही," त्या म्हणाल्या, "पण विरजण मारणारं औषध पोरीच्या पोटात कशाला घालता?" मला तिथंच रडू फुटलं.

लेक वाचली. घरी आणली तर अंगावरचा फ्रॉक नुसता लोंबत होता. तिला बघून सासूबाईंनी तोंडाला पदर लावला.

पुढं म्हशीचा सड पुन्हा सुजला, तेव्हा मी गोठ्याच्या दारातच आडवी उभी राहिले, म्हटलं, आधी डॉक्टरला बोलवा. सासरे चिडले, पण जनावरांच्या डॉक्टरला फोन त्यांनीच केला. डॉक्टरनं औषध दिलं आणि सांगेपर्यंत दूध कुणी प्यायचं नाही म्हणून बजावलं. सासूबाईंनी चरवी नेऊन उकिरड्यात उपडी केली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

"मामा, ती जुनी बाटली कुठाय?" मी सासऱ्यांना विचारलं.

"शेजारी दिली. त्यांच्या म्हशीला बी दगडी झालीया. वाया कशाला घालवायची?"

मी तशीच पळत गेले. शेजारच्या काकींची नात उंबऱ्यावर बसून दूध पीत होती.

"काकी, हे दूध कुठलं?"

"आमच्याच म्हशीचं की," काकी म्हणाल्या. "डेअरीनं घेतलं न्हाय. म्हटलं, पोरगी तरी पिऊ दे."